पहिले सात फेरे

१९९१ साली ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने एक खोडसाळ शर्यत लावली. एका बाजूला फेरारी ३४८, किंमत सव्वा लाख डॉलरला जेमतेम कमी. दुसऱ्या बाजूला जीएमसी सायक्लोन, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक, किंमत २६ हजारांच्या आसपास. पाव मैलाची सरळ रेषा. ट्रकने ती १४.१ सेकंदांत कापली, फेरारीने १४.५ सेकंदांत.

ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षं पुन्हापुन्हा सांगितली जाते आणि सांगणारा प्रत्येक जण इथेच थांबतो. खरी गंमत मात्र पुढच्या आकड्यात आहे. अंतिम रेषा ओलांडताना ट्रकचा वेग ताशी ९३ मैल होता आणि फेरारीचा ९९. म्हणजे हरलेली गाडी रेषेवर जास्त वेगात होती! ती जवळजवळ १८ मीटर मागे होती, पण दर सेकंदाला अडीच मीटरहून जास्त अंतर भरून काढत होती. रस्ता आणखी पाव मैल लांब असता तर ट्रकचं नाव कुणी घेतलं नसतं.

मग ट्रक जिंकला कुठे? अगदी सुरुवातीला. अमेरिकेत कंपनीतून आला तसा, बॉनेटखाली पाना न लावलेला ट्रक घेऊन शनिवारी रात्री ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर जाणारी हजारो माणसं आहेत. एक-दोन दशांश सेकंद खेचून काढायला ती जे काही करतात, त्याचं सगळं गणित या सुरुवातीभोवती फिरतं.

आधी मैदान बघू. पाव मैल म्हणजे १३२० फूट, ४०२ मीटर. हा आकडा अमेरिकी वाटला तरी आपल्या ओळखीचा आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, आणि अशा बरोबर २० खेळपट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या की पाव मैल होतो. शेवटचा वेग मोजायला रेषेआधी जो पट्टा ठेवलेला असतो तो ६६ फुटांचा, म्हणजे नेमकी एक खेळपट्टी. हा योगायोग नव्हे. जमीन मोजायची जुनी इंग्रजी साखळी ६६ फुटांची, तिच्यातूनच खेळपट्टी आली आणि मैलही तिच्याच पटीत बसला. तिची अर्धी ३३ फूट, आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याने हवं तर असं समजावं, की ड्रॅग स्ट्रिपची लांबी चाळीस गुंठ्यांच्या बांधांएवढी.

हा खेळ मुळात कोरड्या तळ्यांच्या तळांवर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांवर वाढला. कॅलिफोर्नियात सांता आना इथे १९५० साली धावपट्टीवर पैसे घेऊन शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, म्हणजे आजची एनएचआरए. सपाट, सरळ आणि कुणाच्या वाटेत न येणारा डांबराचा तुकडा, एवढीच गरज. आपल्याकडेही लोणावळ्याच्या पलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते ती याच कारणाने.

आता हिशेबासाठी एक नमुना ट्रक घेऊ. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, मागच्या दोन चाकांना ताकद, चालकासकट वजन २२०० किलो. असा ट्रक पाव मैल साधारण १५ सेकंदांत जातो आणि शेवटी ताशी ९१ मैल, म्हणजे १४६ किलोमीटर वेगाने रेषा ओलांडतो. टायर २७५/६५ आर १८, अमेरिकी पिकअपला नेहमी दिसणारं माप. त्याचा घेर २.५६ मीटर. म्हणजे आख्ख्या पाव मैलात चाक फक्त १५७ वेळा फिरतं. इंजिनात या वेळात पाच हजारांच्या आसपास स्फोट होतात आणि चाक मात्र दीडशेच्या वर जेमतेम सात फेरे घेतं.

धाव संपली की खिडकीतून एक चिठ्ठी हातात पडते, टाइम स्लिप. तिच्यावर ६० फुटांचा वेळ, ३३० फुटांचा, अर्ध्या वाटेचा, हजार फुटांचा आणि शेवटचा, असे आकडे ओळीने छापलेले असतात. नवखा माणूस सगळ्यात खालचा आकडा वाचतो. मुरलेला माणूस आधी ६० फुटांचा वाचतो.

६० फूट म्हणजे एकूण वाटेचा बाविसावा भाग, साडेचार टक्के. आपला नमुना ट्रक हे ६० फूट कापायला २.४ सेकंद घेतो, म्हणजे एकूण वेळाचे १६ टक्के. शेवटचे ६० फूट तोच ट्रक ०.४५ सेकंदात गिळतो. सारखंच अंतर, पण पहिल्याला पाचपटीहून जास्त वेळ. अर्धी वाट संपते तेव्हा घड्याळात ९.७ सेकंद झालेले असतात आणि उरलेली अर्धी फक्त ५.३ सेकंदांत उरकते. आणि ६० फूट म्हणजे चाकाचे किती फेरे? सात आणि वर थोडं. तुम्ही दोन टनांचं धूड घेऊन पाव मैल पळणार, पण निकाल बऱ्याच अंशी चाकाच्या पहिल्या सात फेऱ्यांत लागतो. पहिल्या ६० फुटांत एक दशांश सेकंद वाचवला की शेवटच्या आकड्यात दीड ते दोन दशांश वाचतात, असा स्ट्रिपवरचा जुना ठोकताळा आहे. बचतीवर व्याज मिळतं, कारण लवकर मिळालेला वेग उरलेल्या सगळ्या वाटेवर वापरायला मिळतो.

इथेच बहुतेकांचा पैसा चुकीच्या जागी जातो. वेळ कमी करायचा म्हणजे ताकद वाढवायची, असं कुणालाही वाटतं. पण ताकद आणि वेळ यांचं नातं सरळ नाही, ते घनमुळाचं आहे. रॉजर हंटिंग्टन या मोटार-लेखकाने प्रत्यक्ष धावांच्या आकड्यांतून हे हेरलं आणि १९७३ मध्ये जेफ्री फॉक्स या भौतिकशास्त्रज्ञाने ते कागदावर मांडून दाखवलं. घनमूळ हा शब्द शाळेत निरुपद्रवी वाटतो, इथे तो खिसा कापतो. वेळ निम्मा करायचा तर ताकद दुप्पट नाही, आठपट लागते. १५ सेकंदांचे १४ करायचे तर २३ टक्के जास्त ताकद हवी, म्हणजे साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनात आणखी ऐंशी घोडे. महागडा एक्झॉस्ट लावून पाच-सात घोडे वाढले, तर दशांश सेकंदही हलत नाही. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की ट्रक वेगवान झाला असं मालकाला मनापासून वाटतं. घड्याळाला कान नसतात.

याउलट ६० फुटांचा वेळ २.४ वरून २.१ वर आणायला ताकद लागतच नाही, ती आधीपासून जास्तच आहे. अडचण आहे ती जमिनीला धरण्याची. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं, कारण पुढे इंजिन आणि मागे हवा. मागच्या चाकांवर चाळीस-बेचाळीस टक्के वजन येतं. ३५ पौंड हवा भरलेला मागचा एक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम दोनशे चौरस सेंटिमीटर, आणि दोन्ही मिळून ए-फोर कागदाच्या दोन तृतीयांश. त्या एवढ्याशा रबरावर साडेतीनशे घोडे एकदम सोडले की चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि घड्याळ पुढे सरकत राहतं.

म्हणून पहिला फुकटचा इलाज हवेचा, म्हणजे हवा कमी करण्याचा. मागच्या टायरात ३५ ऐवजी २५-२८ पौंड ठेवली की रबर जास्त पसरतं आणि पकड सुधारते. दुसरा इलाज उजव्या पायाचा. डावा पाय ब्रेकवर, उजव्याने हळूच रेस देऊन इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर आणायचं, दिवा लागताच ब्रेक सोडायचा, पण पेडल एकदम तळाला न्यायचं नाही. ते पिळत न्यायचं. चाक सुटण्याच्या अलीकडची जी रेषा आहे तिच्यावर पाय ठेवता येणं हीच खरी विद्या, आणि ती दुकानात मिळत नाही. तिसरा इलाज पाण्याचा. सुरुवातीच्या रेषेआधी ओलं केलेलं एक डबकं असतं, शर्यतीचे गुळगुळीत टायर त्यात फिरवून तापवायला. टीव्हीवर बघितलेलं असल्यामुळे नवखा पिकअपवाला हमखास त्यात शिरतो. त्याच्या साध्या टायरच्या खाचांत पाणी भरतं, ते घेऊन तो रेषेवर येतो आणि आपल्याच पाण्यावर घसरतो. डबक्याला वळसा घालून जाणं, यासारखा स्वस्त उपाय या खेळात दुसरा नाही.

सायक्लोनचं गुपित आता उघडं पडतं. त्याची ताकद होती २८० अश्वशक्ती, फेरारीहून कमी. पण ती चारही चाकांना वाटलेली होती. फेरारीची दोन चाकं जमीन शोधत असताना ट्रकची चारही चाकं तिला धरून निघाली होती. कंपनीने असे २९९५ ट्रक १९९१ साली बनवले आणि हौद्यात पाचशे पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वादोनशे किलोपेक्षा जास्त भरू नका अशी ताकीद दिली. ट्रक म्हणायला तो ट्रकच होता, पण त्यात कांद्याच्या पाच गोण्यासुद्धा नियमात बसल्या नसत्या.

आजच्या साध्या फोर बाय फोर पिकअपवालेही हीच युक्ती करतात. सुटताना चारही चाकं जोडायची. फक्त कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं अशी घट्ट जोडून वळण घेतलं की गिअरवर नको तो ताण येतो, म्हणून रेषा ओलांडली की जोड काढूनच परत फिरायचं.

मग वजन. घनमुळाचा नियम वजनालाही लागू आहे, आणि स्ट्रिपवर त्याचा सुटसुटीत ठोकताळा असा, की शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो काढले की एक दशांश सेकंद. आमच्या नमुना ट्रकला हा हिशेब तंतोतंत बसतो. ७५ किलोचा मित्र ‘मीपण येतो’ म्हणाला तर त्याची किंमत ०.१७ सेकंद. रेषेवर ते अंतर सात मीटर होतं, ट्रकच्या लांबीहूनही जास्त. मित्राला कठड्याबाहेर उभं करून व्हिडिओ काढायला लावावं.

पेट्रोलच्या टाकीचा हिशेब तर याहून मोठा. मोठ्या पिकअपची टाकी ३६ गॅलनची असू शकते, १३६ लिटर. भरली तर नुसतं इंधन शंभर किलो. आणि पाव मैलाला लागतं किती? इंजिन पंधरा सेकंदांत सुमारे २८०० लिटर हवा ओढतं, वजनाने सव्वातीन किलो, आणि तिच्या जोडीला पेट्रोल जाळतं जेमतेम ३६० मिलीलिटर. एका धावेला लागणारं इंधन घरातल्या तांब्यात मावेल, आणि ते पोचवायला माणूस शंभर किलो पेट्रोल उचलून पळतो. पाव टाकी ठेवून गेलं की दीड दशांशाहून जास्त वेळ वाचतो.

पण थांबा. टाकी मागच्या बाजूला, स्टेपनी हौद्याखाली, मागचा फाळका सगळ्यात मागे. हे सगळं काढलं तर वजन कमी झालं, पण ते कुठून? ज्या दोन चाकांना आधीच जमीन धरवत नव्हती त्यांच्याच डोक्यावरून! ट्रक हलका झाला आणि सुटताना जास्त घसरायला लागला, असा अनुभव घेऊन डोकं खाजवणारे बरेच असतात. सिमेंटच्या चिकट पट्ट्यावर हे चालून जातं, साध्या डांबरावर नाही. उलट हौद्यात वाळूची पोती टाकून मागच्या चाकांना दाब देणारेही आहेत. पकड वाढली तर सात फेऱ्यांत फायदा, पण उरलेले दीडशे फेरे ती पोती वाहायची. कुणाचं बरोबर, हे फक्त चिठ्ठी सांगते, आणि दर रात्री वेगळं सांगते. मला विचाराल तर चार चाकांना ताकद असेल तर सगळं काढा, दोनच चाकांना असेल तर आधी टायरचं बघा. फाळका उघडा ठेवून वारा मोकळा जाईल ही समजूत मात्र सोडा. बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक भोवरा अडकतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सफाईने सरकतो, बंदच बरा.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर त्याचा मासलेवाईक हिशेब. ताशी ५० किलोमीटरला आपल्या ट्रकला हवा कापायला सुमारे तीन अश्वशक्ती लागते. १४६ ला सत्तरहून जास्त. वेग तिप्पटही झाला नाही आणि खर्च पंचवीसपट. इथेही घनच आहे, फक्त उलट्या बाजूने. म्हणून शेवटच्या खेळपट्टीवर ट्रक छातीने भिंत ढकलल्यासारखा चालतो. आरसे दुमडणं, वायपर काढणं असले उद्योग करणाऱ्यांची मात्र मला कीव येते. ते कमावतात शेवटच्या पाच सेकंदांत आणि घालवतात पहिल्या दोनांत.

सगळ्यात मोठं इनाम मात्र आभाळ देतं. इंजिनाला हवा लागते, आणि हवा म्हणजे आकार नव्हे, वजन. ३५ अंशांच्या दुपारपेक्षा १० अंशांच्या रात्री तीच हवा जवळजवळ नऊ टक्के दाट असते. घनमूळ काढलं तरी १५ सेकंदांतले चार दशांश सहज निघतात, एकही रुपया किंवा डॉलर न खर्चता. इंजिनाच्या डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसणारे लोक याच दाट हवेचा एक चमचा विकत घेत असतात. उपयोग थोडा होतो, पण त्यात शास्त्रापेक्षा पूजाविधीचा भाग जास्त.

उंचीचा फटका याच्या उलट. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ बँडिमेअर स्पीडवे नावाची ड्रॅग स्ट्रिप १९५८ पासून २०२३ पर्यंत चालली. समुद्रसपाटीपासून उंची ५८०० फूट. आपलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, ५४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या देवळाहून चारशे फूट वर ट्रक पळवायचे! दर हजार फुटांना साध्या इंजिनाची तीनेक टक्के ताकद जाते, म्हणजे तिथे सतरा टक्क्यांच्या आसपास गेली. समुद्रकिनारी १५ सेकंद घेणारा ट्रक तिथे १६ घ्यायचा. चालक तोच, टायर तेच, पेट्रोल तेच, फक्त हवा विरळ. टर्बो असलेल्या गाड्यांचं नुकसान कमी व्हायचं, कारण त्या हवा कोंबून भरतात. तिथल्या आकड्यांना समुद्रसपाटीच्या भाषेत आणायला लोक गुणकांचे तक्ते वापरत, जसे आपण शेरांचे किलो करत होतो.

आता एक गोष्ट जिचा वेगाशी काही संबंध नाही, तरी ती एक तृतीयांश सेकंद देते. घड्याळ दिवा हिरवा झाल्यावर सुरू होत नाही. रेषेवर दोन प्रकाशकिरण आडवे सोडलेले असतात, सात इंच अंतराने. पुढचं चाक पहिल्या किरणात शिरलं की एक दिवा लागतो, दुसऱ्यात शिरलं की दुसरा. चाक दुसऱ्या किरणातून बाहेर पडेल तेव्हा घड्याळ चालू. दुसरा दिवा लुकलुकताच थांबलात, तर चाकाला बाहेर पडायला जवळजवळ फूटभर सरकावं लागतं. हे एक फूट कुणाच्याच हिशेबात धरलं जात नाही. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने त्या फुटाला लागतो ०.३५ सेकंद, आणि घड्याळ सुरू होतं तेव्हा ट्रक आधीच ताशी सहा किलोमीटरने चाललेला असतो. तेच तीन-चार इंच पुढे थांबलात तर हे फुकटचं धावणं कमी होतं आणि आकडा वाढतो. इंच-इंच सरकत दिव्याची वाट बघणारे ते राक्षसी ट्रक बघताना हसू येतं, पण एका इंचाला इथे जितकी किंमत आहे तितकी मुंबईतल्या जागेलाही नसेल.

यामुळे आणखी एक अजब गोष्ट घडते. हिरवा दिवा लागला, तुम्ही तंद्रीत तीन सेकंद बसून राहिलात आणि मग निघालात, तरी चिठ्ठीवर वेळ १५.०० च येतो. तंद्रीचा हिशेब वेगळ्या रकान्यात. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा घाटात बारी घड्याळावर मोजतात, शेजारच्या जोडीवर नाही, तसंच हे. नुसता वेळ हवा असेल तर निवांत सुटा. समोरच्याला हरवायचं असेल तर मात्र दिव्यांच्या त्या खांबाशी गाठ आहे. १९६३ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीत तो पहिल्यांदा आला, त्याआधी माणूस झेंडा घेऊन उडी मारायचा. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. माणसाला हलायला दोन दशांश, ट्रकला किरणातून निघायला साडेतीन दशांश, बेरीज साधारण अर्धा सेकंद. म्हणून हिरवा दिसेपर्यंत थांबणारा हरतो. तिसरा पिवळा लागला की सुटायचं.

हे सगळं करून ट्रक रेषेवर पोचतो तेव्हा त्याच्या अंगात किती ऊर्जा असते? १८ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे ४३५ किलोकॅलरी. एका वडापावात तीनशे धरल्या तर दीड वडापावही नाही. जाळलेल्या पेट्रोलात याच्या सहापट ऊर्जा होती, बाकीची उष्णता, आवाज आणि वाऱ्यात गेली. आणि ब्रेक लावून ट्रक थांबवला की त्या दीड वडापावाची उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत उतरते. तेवढ्यात पावणेसहा लिटर पाण्याला उकळी फुटेल, पन्नास-पंचावन्न कप चहा. एका धावेनंतर लगेच रांगेत उभं न राहता दोन-चार धावा जाऊ देणारे लोक आळशी नसतात.

खऱ्या ड्रॅग शर्यतीचे राजे, टॉप फ्युएल गाड्या, या हिशेबात बसतच नाहीत. अकरा हजार अश्वशक्ती, एका फेरीला पन्नास लिटरच्या आसपास नायट्रोमिथेन, आणि ताशी ३३० मैलांच्या वर वेग. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर या गाड्यांची वाट पाव मैलावरून हजार फुटांवर आणली. ते हजार फूट त्या पावणेचार सेकंदांच्या आत संपवतात. त्याच क्षणी सुटलेला आपला ट्रक तोवर चाळीसेक मीटरवर असतो, दोन खेळपट्ट्या.

पण नुसत्या ट्रकांतही इतिहास कमी नाही. १९७८ चा डॉजचा ‘लिल रेड एक्सप्रेस’ हा लाल रंगाचा, लाकडी फळ्यांचा, केबिनमागे दोन उभी नळकांडी असलेला पिकअप. त्या काळात प्रदूषणाच्या नियमांनी अमेरिकी मोटारींचा गळा आवळला होता, पण ठरावीक वजनावरच्या ट्रकांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून सूट होती. या एका फटीतून निघालेला २२५ अश्वशक्तीचा हा ट्रक शून्यापासून ताशी शंभर मैलांपर्यंत त्या वेळच्या कुठल्याही अमेरिकी मोटारीहून लवकर पोचला. पहिल्या वर्षी फक्त २१८८ बनले. २०२१ चा रॅम टीआरएक्स ७०२ अश्वशक्तीचा, जवळजवळ तीन टनांचा, आणि तो पाव मैल साडेबारा सेकंदांच्या आसपास जातो.

त्यानंतर विजेचे ट्रक आले आणि घनमुळाचं शहाणपण पणाला लागलं. जीएमसीच्या विजेवरच्या हमरचं वजन चार टनांहून जास्त. नुसती बॅटरी १३०० किलोच्या घरातली, म्हणजे आख्खी स्विफ्ट तिच्याहून हलकी. तरी हा डोंगर पाव मैल बारा सेकंदांच्या आत जातो. शून्य वेगावरही पूर्ण जोर आणि तोही चारही चाकांना, सायक्लोनचीच युक्ती अडीच हजार किलो जास्त घेऊन. २०२३ मध्ये टेस्लाने सायबरट्रकच्या मागे ट्रेलरवर पोर्शे ९११ चढवून दुसऱ्या पोर्शे ९११ ला हरवल्याचा व्हिडिओ दाखवला. सांगितला पाव मैल, निघाला आठवा मैल. लबाडी कुठे होती हे आता वाचकाला सांगायला नको. पहिली अर्धी वाट पकडीची असते, दुसरी ताकदीची, आणि आपल्या सोयीची अर्धी त्यांनी ठेवली.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, साधा पंधरा सेकंदांचा ट्रक आहे, ते ब्रॅकेट रेसिंगमध्ये उतरतात. आपली गाडी किती वेळ घेईल तो आकडा चालकाने आधीच सांगायचा, काचेवर पांढऱ्या बूट-पॉलिशने लिहायचा. समोर ११ सेकंदांची मोटार असेल आणि तुमचा आकडा १५ असेल, तर तुमचा हिरवा दिवा चार सेकंद आधी. मग मागून ती मोटार आरशात वाढत येते, रेषेवर तिचा वेग तुमच्याहून ताशी पन्नास किलोमीटरने जास्त. जो आधी पोचेल तो जिंकला, पण एक अट आहे. सांगितल्यापेक्षा कमी वेळ आला तर बाद. एक सहस्रांश सेकंद कमी, म्हणजे रेषेवर चार सेंटिमीटर, तरी बाद. म्हणून आयुष्यभर दशांश वाचवायला शिकलेला माणूस इथे रेषेच्या अलीकडे आरशात बघत हलकेच ब्रेकवर पाय ठेवताना दिसतो.

आणि ऊन उतरलं की सगळ्यांची धांदल उडते. दहा अंशांनी गार झालेली हवा तीन टक्के दाट होते, आणि ट्रक कुणी न सांगता दीड दशांशाने वेगवान होतो. रांगेत उभा असलेला माणूस बाहेर हात काढून हवा किती गार झाली ते अजमावतो, काचेवरचं १५.०४ अंगठ्याने पुसतो आणि १४.८८ लिहितो.